चढावरचे बंदर : पागादियान

मंडळी, आज आपण दूरच्या एका गावाला जाऊ. आपल्या देशाच्या पूर्वेला, समुद्रापलीकडे फिलिपाइन्स नावाचा देश आहे. सात हजारांहून अधिक बेटे मिळून हा एक देश झाला आहे. मनिला ही त्याची राजधानी. तेथून विमानाने दक्षिणेला गेले की मिंडानाओ नावाचे मोठे बेट लागते. ह्या बेटाच्या काठी, इलाना उपसागरावर, पागादियान शहर आहे. वस्ती दोन लाखांच्या वर.

गाव कसे, तर पायरी-पायरीने चढत गेलेले. खाली बंदर आणि कोळ्यांची घरे, वर टेकडीवर रस्ते आणि वस्ती. येथले मूळचे लोक सुबानेन. ‘सुबा’ म्हणजे नदी, म्हणून सुबानेन म्हणजे नदीकाठची माणसे. मागून दुसऱ्या बेटांवरून पुष्कळ लोक येऊन राहिले. त्यांची सेबुआनो भाषाच आज बाजारात चालते. ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. जेवण आपल्या कोकणासारखे, भात आणि मासे. मात्र ‘किनिलाव’ हा पदार्थ चुलीवर चढतच नाही. ताजी मासळी आंबट शिरक्यात मुरवतात आणि तशीच खातात. आम्हांला तर ऐकूनच नवल वाटले!

आता तेथली रिक्षा पाहा. मोटारसायकलला माणसे बसायचा डबा जोडायचा, की झाली रिक्षा. तिला ट्रायसिकल म्हणतात. त्या देशात ती गावोगाव आहे. पण पागादियानची ट्रायसिकल तिरपी! सपाट रस्त्यावर उभी असली तरी घराच्या छपरासारखी कललेली दिसते. नवख्या माणसाला वाटते, मोडली की काय? मोडलेली नाही बरं का. गावात चढ फार, म्हणून कारागिरांनी ती मुद्दाम तशी बांधली. अशी रिक्षा त्या देशात दुसरीकडे दिसत नाही. पुस्तकात नसलेली ही विद्या आहे, असे आम्ही म्हणतो.

आता खाली किनाऱ्यावर चला. १७ ऑगस्ट १९७६ ची रात्र. बारा वाजून गेले होते. लोक गाढ झोपले होते. तेवढ्यात जोराचा भूकंप झाला. त्याचे मूळ जवळच्याच समुद्रात होते. समुद्राचा तळ हलला की वरचे पाणीही ढकलले जाते. त्याच्या मोठ्या लाटा होतात. त्यांना सुनामी म्हणतात. थोड्याच मिनिटांत लाटा किनाऱ्यावर आल्या. पागादियानची किनाऱ्याची वस्ती वाहून गेली. त्या सगळ्या किनारपट्टीवर मिळून पाच ते आठ हजार माणसे दगावली. नव्वद हजारांवर लोक बेघर झाले. घरे पडून मेले त्यांच्यापेक्षा पाण्याने मेले ते कितीतरी जास्त. टेकडी तर पाठीशीच होती. पण अंधारात, झोपेतून उठलेल्या माणसाला पाणी येणार हे कोण सांगणार?

समुद्र जवळच हलला तर भोंगा वाजायलाही वेळ उरत नाही. तेव्हा जमिनीचा हादरा हाच भोंगा. उभे राहवत नाही असा हादरा बसला, किंवा पुष्कळ वेळ जमीन हलत राहिली, तर किनारा सोडून उंचावर जावे. समुद्र एकाएकी मागे हटला तरीही तसेच. उघड्या पडलेल्या तळावर मासे वेचायला धावू नये. पहिली लाट ओसरली म्हणून सामान काढायला परतू नये. मागची लाट पहिलीपेक्षा मोठी असू शकते. आपल्याकडे असे कुठले व्हायला, असे कोणी म्हणेल. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि तेथेही माणसे बुडाली होती.

पागादियानची माणसे किनारा सोडून गेली नाहीत. कोळ्याने समुद्र सोडून पोट कशावर भरावे? आज बंदर गजबजलेले आहे. तिरप्या रिक्षा माणसे घेऊन चढ चढतात. समोर उपसागरात दोन बेटे आहेत. एक दाओ-दाओ दाको, दुसरे दाओ-दाओ गामाय. त्यांच्या भाषेत दाको म्हणजे मोठे आणि गामाय म्हणजे लहान.