‘पोस्टडेट’ : एक शब्द आणि पंधरा दिवस

बालरोगतज्ज्ञाने इंग्रजी शब्दाची चिकित्सा करावी, हे काहींना अनाठायी वाटेल. परंतु ‘पोस्टडेट’ हा शब्द बँकेत आणि प्रसूतिगृहात सारख्याच सहजतेने वावरतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ निराळा असतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

कागदावर प्रत्यक्ष दिवसाहून पुढची तारीख घालणे, हा या क्रियापदाचा मूळ अर्थ. पुढील तारखेचा धनादेश, म्हणजे ‘पोस्टडेटेड चेक’, सर्वांच्या परिचयाचा आहे. 1942 च्या क्रिप्स योजनेस गांधीजींनी हीच उपमा दिली, असे सांगितले जाते. तो चेक बुडत्या बँकेवरचा असल्याची पुस्ती मागाहून कोणीतरी जोडली म्हणतात. एखादी गोष्ट दुसरीच्या नंतरच्या काळातील असणे, हा शब्दाचा दुसरा अर्थ. ‘अँटिडेट’ हा त्याचा विरुद्धार्थी.

प्रसूतिशास्त्रातील ‘पोस्टडेट्स’मध्ये मात्र तारीख कोणी पुढे घातलेली नसते, ती उलटून गेलेली असते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून प्रसूतीची अपेक्षित तारीख काढतात. ती ओलांडली की ‘पोस्टडेट्स’. पण ‘पोस्ट-टर्म’ म्हणावयाचे ते 42 आठवडे, म्हणजे 294 दिवस, पूर्ण झाल्यावरच. या दोहोंत चौदा दिवसांचे अंतर आहे, आणि फाइलीत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी लिहिले जातात.

आपल्या राजेगावसारख्या सीमेवरील गावी यात आणखी एक गुंता आहे. इकडे बालाघाट, पलीकडे गोंदिया. माहेर एका जिल्ह्यात, सासर दुसऱ्यात. पाळीची तारीख विचारली की उत्तर येते, “भादवा लागला तेव्हा.” कोणता भादवा? मराठी पंचांग अमान्त, तेव्हा भाद्रपद पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लागतो. हिंदी पंचांग पौर्णिमान्त, तेथे तो राखीच्या दुसऱ्याच दिवशी लागतो. शुक्ल पक्षात दोन्हींचे महिने जुळतात, कृष्ण पक्षात नाव बदलते. सांगणारीने मराठी महिना सांगितला आणि लिहिणारीने हिंदी धरला, की जच्चा-बच्चा कार्डावर गर्भाचे वय सुमारे पंधरा दिवसांनी वाढते.

परिणाम उघड आहे. जेमतेम 38 आठवड्यांचे बाळ कागदावर चाळीस ओलांडते, ‘पोस्टडेट’ ठरते, कळा आणण्याची घाई होते आणि धाप लागलेले बाळ आमच्या हाती येते. उलट चूक अधिक घातक. खरोखर 42 आठवडे भरलेली माता ‘अजून वेळ आहे’ म्हणून घरी परत जाते. तोवर वार थकत आलेली असते, बाळ पोटातच शी करते, कधी ती श्वासात ओढते, जन्मल्यावर रक्तातील साखर उतरते. क्वचित पोटातील हालचालच थांबते.

बाळाचे अंग पुष्कळ काही सांगते. कोरडी, सोलवटलेली त्वचा, लांब नखे, पिवळट-हिरवी नाळ हे उशिराचे लक्षण. फाइलीवर 42 आठवडे आणि अंगावर लव व पांढरा लेप भरपूर, असे दिसले की मी प्रथम फाइलीवर संशय घेतो. तथापि बॅलार्ड गुणांकनातही दोनएक आठवड्यांची चूक संभवते. नेमका पंधरा दिवसांचा वाद ते मिटवू शकत नाही. तो मिटवते पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी, जिच्यातील फरक पाच ते सात दिवसांचा असतो. शेवटच्या तिमाहीतील सोनोग्राफीत हाच फरक तीन आठवड्यांहून अधिक असू शकतो, तरी तिच्यावर विसंबून तारखा बदलल्या जातात, हे मला मुळीच मान्य नाही.

सोनोग्राफी लवकर झालीच नसेल तर महिना विचारू नये, सण विचारावा. राखी आणि पोळा नदीच्या दोन्ही काठांवर एकाच दिवशी येतात. “पोळ्याच्या आधी की नंतर, किती दिवस?” एवढे विचारून त्याच भेटीत इंग्रजी तारीख कार्डावर लिहावी. आणि बाळ आमच्याकडे पाठविताना चिठ्ठीत नुसते ‘पोस्टडेट’ न लिहिता किती आठवडे, किती दिवस आणि तारीख कशावरून धरली, एवढे अवश्य लिहावे.