‘क्रेडिट’ झाले म्हणजे नेमके काय झाले?

घरोघरी पोळ्या करणाऱ्या एक ताई मागच्या उन्हाळ्यात आमच्या शाखेत आल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “मॅडम, दोन लाख आलेत ना? थोडे काढून द्या, मुलीची फी भरायचीय.” संदेश इंग्रजीत होता. शेजारच्या मुलाने तो वाचून सांगितले होते की, दोन लाख ‘क्रेडिट’ म्हणजे जमा. त्या मुलाने शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला नव्हता. फक्त त्याने आकडा आणि तो एक शब्द एवढेच वाचले होते. पूर्ण वाक्य असे होते, की तुम्हाला दोन लाखांचे कर्ज मंजूर होऊ शकते आणि खालच्या लिंकवर संमती दिलीत तर ती रक्कम खात्यात क्रेडिट होईल. ताईंनी लिंक अजून दाबली नव्हती, हे त्यांचे नशीब. दाबली असती तर पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू झाला असता.

हा शब्द आपल्या पासबुकात आहे, मोबाइलवर आहे, कार्डावर आहे आणि गल्लीतल्या सोसायटीच्या पाटीवरही आहे. प्रत्येक ठिकाणी तो वेगळे बोलतो. म्हणून तो दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारा : इथे कोण कोणाचे देणे लागतो?

मुळात लॅटिन भाषेत या शब्दाचा संबंध विश्वास ठेवण्याशी आहे. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे, ‘पत’. ज्याची पत आहे त्याला दुकानदार उधार देतो. ज्याची नाही, त्याला ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी दाखवतो. विश्वास ठेवणारा एक आणि देणे लागणारा दुसरा, अशी दोन माणसे या शब्दात नेहमी असतात. आपली गफलत होते ती त्या दोघांतले आपण कोण, हे न पाहिल्यामुळे.

आधी पासबुक पाहू. तुम्ही ५,००० रुपये भरले की ‘क्रेडिट’ म्हणजे ‘जमा’च्या रकान्यात ५,००० दिसतात. काढले की ‘डेबिट’ म्हणजे ‘नावे’च्या रकान्यात. अनेक खातेदार विचारतात, की माझे पैसे आणि त्याला उधारीचा शब्द का? कारण पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल असते. तुम्ही विश्वासाने पैसे ठेवलेत, म्हणून बँक तुमचे देणे लागते. तुमच्या बचत खात्यातल्या शिलकेपुढे ‘सीआर’ अशी दोन अक्षरे असतात, त्यांचा अर्थ तोच. तिथे ‘डीआर’ दिसले, तर तुम्ही बँकेचे देणे लागता. ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट खाते वापरणाऱ्या दुकानदारांना ही अक्षरे रोज दिसतात. बचत खात्यात दिसली तर त्याच दिवशी शाखेत विचारा.

चेकची गोष्ट थोडी निराळी आहे. चेक जमा केल्यावर रक्कम नोंदीत दिसू लागली, तरी समोरच्या बँकेकडून तो वटेपर्यंत ते पैसे तुमचे झालेले नसतात. न वटता परत आला की तीच रक्कम पुन्हा नावे पडते.

बँक तुमचे देणे लागते, म्हणून बँक बुडाली तर काय, हा प्रश्नही रास्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्या, तरी त्या एका नावावर असतील तर विमा मिळून ५ लाखांचाच.

आता पाटीवरचा शब्द. ‘क्रेडिट को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ म्हणजे आपली पतसंस्था. नावात विश्वास आहे, आत काउंटर आहे, पासबुक आहे, दारात येऊन रोजचे पैसे गोळा करणारा प्रतिनिधी आहे. सगळे बँकेसारखेच, पण ती बँक नव्हे आणि वर सांगितलेला विमा तिथल्या ठेवींना लागू नाही. नागरी सहकारी बँक वेगळी : तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि तिच्या ठेवींना हा विमा असतो. पतसंस्थेत पैसे ठेवूच नका, असे मी म्हणत नाही. गरजेला तिथून पटकन कर्ज मिळते, आणि चांगल्या चाललेल्या संस्थाही आहेत. पण निवृत्तीची सगळी रक्कम अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी तिथे नेताना आपण कोणावर विश्वास टाकतो आहोत आणि मागे आधार कोणाचा आहे, हे माहीत असू द्या.

क्रेडिट कार्डावर बाजू उलटते. डेबिट कार्डाने तुम्ही स्वतःचे पैसे खर्चता, क्रेडिट कार्डाने बँकेचे. कार्डाची ‘क्रेडिट लिमिट’ ८०,००० असेल तर ती उधारीची मर्यादा आहे. तेवढी आपली शिल्लक नव्हे. बिल मुदतीत पूर्ण भरणाऱ्याला हे कार्ड सोयीचे आहे. गोम आहे ती बिलावरच्या ‘किमान देय रक्कम’ या ओळीत. समजा २०,००० रुपये बाकी आहेत, महिन्याचा दर साडेतीन टक्के आणि किमान रक्कम १,००० रुपये. महिन्याचे व्याज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. म्हणजे तुमच्या हजारातले ८२६ गेले आणि मुद्दल कमी झाले १७४ रुपयांनी. वर बाकी राहिली की नव्या खरेदीवरही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. या कार्डाने एटीएममधून रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून, शिवाय शुल्क वेगळे. ‘किमान’ हा शब्द तिथे इतका साळसूद दिसतो, की मला तो बिलावरचा सगळ्यात महाग शब्द वाटतो.

फसवणूक करणाऱ्यांनाही हा शब्द फार आवडतो. फोन येतो, ‘चुकून तुमच्या खात्यात ५,००० पाठवले, घरात आजारपण आहे, परत करा.’ पाठोपाठ ‘क्रेडिटेड’ असा संदेशही येतो, पण तो बँकेचा नसतो, त्यांनीच टाइप केलेला असतो. घाईने परत पाठवलेले पैसे मात्र तुमचे खरे असतात. म्हणून संदेशावर जाऊ नका. ॲपमध्ये, एटीएमवर किंवा पासबुकात शिल्लक पाहा. रक्कम खरोखरच आली असेल, तर ती आपली नाही हे खरे, पण स्वतः परत न करता बँकेला कळवा. दुसरी युक्ती, ‘पैसे क्रेडिट व्हायला यूपीआय पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. तरीही चूक झाली तर लाजून वेळ घालवू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही सांगा. जितक्या लवकर कळेल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि शेवटचा, सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘क्रेडिट स्कोअर’. ही तुमची पत, आकड्यात, ३०० ते ९०० या मोजपट्टीवर. तो देणाऱ्या चार कंपन्या भारतात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. बचत खात्यात किती शिल्लक आहे याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. घेतलेले कर्ज आणि कार्डाचे बिल वेळेवर फेडले का, यावर तो मुख्यतः ठरतो. या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी कुठल्याही एजंटला पैसे देण्याची गरज नाही. अहवालात चूक असेल तर बँकेकडे किंवा त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

त्या ताईंच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरताना आई सहकर्जदार म्हणून लागते, म्हणून आम्ही त्यांचाही अहवाल काढला. “मी कधी कर्जच घेतलं नाही,” असे त्या ठामपणे सांगत होत्या. अहवालात मात्र एका मोटरसायकलचे कर्ज होते. भावाला जामीन राहून त्यांनी सही केली होती, आणि भावाचे तीन हप्ते थकले होते. जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसते, हे सही घेताना त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी त्या थेट भावाकडे गेल्या. चार दिवसांनी हप्ते भरल्याच्या पावत्या घेऊन परत आल्या. थकीत हप्त्यांची जुनी नोंद पुसली गेली नाही, पण कर्ज नियमित झाल्याचे दाखवता आले, आणि अर्ज पुढे पाठवता आला.