घटक ७ : ई-मेल खात्याची द्विस्तरीय पडताळणी

७.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• द्विस्तरीय पडताळणीची संकल्पना स्पष्ट करता येईल.
• आपल्या परिस्थितीला अनुरूप असा पडताळणीचा प्रकार निवडता येईल.
• खऱ्या व फसव्या संदेशांच्या भाषेतील भेद ओळखता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, औपचारिक ई-मेल कितीही निर्दोष लिहिला, तरी ज्या खात्यातून तो पाठवायचा ते खातेच आपल्या ताब्यात नसेल, तर सारे श्रम व्यर्थ ठरतात. दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला सूचनाफलक रोज पाहता येत नाही. प्रवेशाची पोच, शुल्काची पावती, परीक्षेविषयीच्या सूचना या बहुधा ई-मेलवरच येतात.

एक उदाहरण कल्पू या. बोईसर येथील तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने स्थानकाजवळच्या दुकानातून प्रवेश-अर्ज भरून घेतला. ई-मेल खाते दुकानदारानेच उघडले आणि सोयीसाठी त्यात स्वतःचा मोबाइल क्रमांक नोंदवला. परीक्षेच्या तोंडावर तिला पासवर्ड आठवेना, आणि नवा पासवर्ड मिळवण्याचा संकेतांक जाऊ लागला दुकानदाराकडे. दुकान तर केव्हाच बंद झालेले! येथे कोणी चोरी केली नाही. तरीही खाते हातचे गेले. खाते सुरक्षित करण्यापूर्वी ते आपल्या नावावर व आपल्याच क्रमांकावर आहे ना, हे पाहणे ही पहिली पायरी होय.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ ओळख पटवण्याचे तीन आधार

आपली ओळख तीन प्रकारच्या आधारांनी पटवता येते : आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट (पासवर्ड), आपल्याजवळ असलेली वस्तू (मोबाइल, कार्ड) आणि आपल्या शरीराची खूण (बोटाचा ठसा). यांपैकी दोन भिन्न प्रकारचे आधार मागणे म्हणजे द्विस्तरीय पडताळणी. एकापुढे एक दोन पासवर्ड मागितले, तर ती खऱ्या अर्थाने द्विस्तरीय ठरत नाही. कारण दोन्ही आधार एकाच प्रकारचे आहेत.

ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. एटीएममधून पैसे काढताना कार्ड आणि पिन दोन्ही लागतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन खरेदी करतानाही अतिरिक्त पडताळणी आवश्यक झाली. जी काळजी आपण पैशांसाठी घेतो, तीच पदवीच्या कागदपत्रांसाठी घ्यावयाची आहे.

७.३.२ दुसऱ्या आधाराचे प्रकार

(अ) एसएमएसने येणारा ओटीपी : हा सर्वांत सोपा प्रकार, मात्र त्यासाठी मोबाइलला रेंज हवी. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पाड्यांवर राहणाऱ्यांना ही अडचण चटकन उमगेल. दुसरा धोका क्रमांक बदलण्याचा. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर अन्य ग्राहकास दिला जाऊ शकतो. म्हणून सिम बदलण्यापूर्वीच खात्यातील क्रमांक बदलावा.

(आ) ऑथेंटिकेटर अॅप : नोंदणीच्या वेळी एक गुप्त संख्या संकेतस्थळाकडे व आपल्या मोबाइलमध्ये साठवली जाते. ती संख्या आणि चालू वेळ यांवरून दोन्हीकडे स्वतंत्रपणे सहा अंकी संकेतांक तयार होतो व साधारणतः दर ३० सेकंदांनी बदलतो. संदेश कोठूनही यावा लागत नसल्यामुळे रेंज नसतानाही अॅप चालते. फक्त मोबाइलचे घड्याळ अचूक हवे.

(इ) राखीव संकेतांक : मोबाइल हरवला, बिघडला किंवा कामाच्या ठिकाणी जवळ बाळगता येत नसेल, तर हे उपयोगी पडतात. गुगल खात्यात आठ अंकी दहा संकेतांक मिळतात व प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये ठेवावेत. मोबाइलमध्येच ठेवल्यास मोबाइलबरोबर तेही जातील.

७.३.३ संदेशाची भाषा

भाषेचे विद्यार्थी म्हणून हा भाग आपल्या विशेष अभ्यासाचा आहे. ओटीपीच्या खऱ्या संदेशात माहिती आणि निषेध असतो : 'आपला संकेतांक अमुक आहे, तो कोणासही सांगू नका.' फसव्या संदेशाची रचना भीती, मुदत आणि आज्ञा अशी असते : 'आपला प्रवेश रद्द होत आहे, दहा मिनिटांत कोड कळवा.' विचाराला अवधी न देणे हाच त्या भाषेचा हेतू. आपण स्वतःहून ओटीपी सांगितला, तर दुसरा स्तर असूनही नसल्यासारखाच होतो.

न मागता ओटीपी आला, तर कोणीतरी आपल्या खात्यात शिरू पाहत असण्याची शक्यता असते. अशा वेळी संदेशातील दुव्यावर न जाता स्वतः खाते उघडून पासवर्ड बदलावा. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र असा गुन्हा आहे. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

७.४ सारांश

पासवर्ड दुसऱ्याला कळला, तरी दुसरा आधार आपल्याजवळ असेपर्यंत खात्याचे दार सहजासहजी उघडत नाही. मात्र तो आधार आपलाच असावा, गरजेच्या वेळी हाताशी असावा आणि कोणालाही सांगितला जाऊ नये.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. दोन पासवर्ड म्हणजे द्विस्तरीय पडताळणी का नव्हे?
२. रेंज नसताना ऑथेंटिकेटर अॅप कसे चालते?
३. आपल्या मोबाइलवर आलेला एखादा फसवा संदेश घेऊन त्यातील भीती, मुदत व आज्ञा दर्शविणारे शब्द अधोरेखित करा.

उपक्रम : आज आपल्या ई-मेल खात्यातील 'सुरक्षा' विभाग उघडा. तेथे नोंदलेला क्रमांक कोणाचा आहे ते पाहा, द्विस्तरीय पडताळणी सुरू करा आणि राखीव संकेतांक लिहून ठेवल्यावरच हा घटक पूर्ण झाला असे समजा.