डोळे आले नव्हते

लेन्सचा दुकानदार अजून म्हणतो, "मॅडम, मुलीनं हयगय केली असेल." म्हणून हे लिहितेय. लेकीनं हयगय केली नाही. चुकलं ते माझं, आणि तेही टापटिपीच्या नादात.

2023चा ऑगस्ट. बदलापूर लोकलमध्ये जिकडे बघावं तिकडे काळे चष्मे, घरोघरी डोळे आलेले. नववीतल्या लेकीचा उजवा डोळा लाल झाला, तेव्हा मेडिकलवाल्यानं काही न विचारता थेंबांची बाटली पुढं सरकवली. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडत होती, ट्यूबलाइटही सोसेना. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं, हे नंतर कळलं. त्यानं लाली दबते आणि आतला जंतू माजतो.

लेन्सच्या दुकानदाराला फोन केला. "छे हो, सगळ्यांचेच आलेत. लेन्स चालू ठेवा, नाहीतर नंबर वाढेल." रात्री घालायची ती लेन्स उल्हासनगरात त्याच्याकडूनच घेतली होती. सकाळी काढली की दिवसभर चष्मा नको, हे त्यानं चारदा सांगितलं होतं. पाण्याबद्दल एक अक्षर नाही.

शेवटी मुंबई गाठली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लेन्सची डबी कशानं धुता?"

"रोज नळाखाली, चकचकीत," मी ऐटीत म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या पोटात गोळा आला.

बदलापूरला बंधाऱ्याचं पाणी शुद्ध होऊन येतं, आम्ही तेच पितो. पण नळाच्या, टाकीच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा जंतू असू शकतो. क्लोरीन आलं की तो कवचात बसून राहतो. पोटात गेला तर काही होत नाही. लेन्सखाली सापडला की बुबुळ कुरतडतो. लेकीचं तेच झालं होतं. मग तासातासाला थेंब, रात्रीही गजर लावून. पुढं कित्येक महिने औषध. बुबुळाच्या कडेला फूल राहिलंच.

तर आयांनो, ऐका. डबी आणि लेन्स फक्त सोल्यूशननं धुवा. फिल्टरचं पाणीसुद्धा नको. उरलेल्या सोल्यूशनमध्ये नवं ओतू नका. डबी उपडी वाळवा, तीन महिन्यांनी बदला. लेन्सला हात लावण्याआधी बोटं कोरडी करा. लेन्स घालून आंघोळ नाही, पोहणं नाही, बारवी-कोंडेश्वरला पाण्यात डुंबणं तर नाहीच. दिवसाच्या लेन्स घालून मुलांना झोपू देऊ नका. एकच डोळा लाल, ठणका, उजेड सोसवत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका. यातलं काहीही दिसलं तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. मेडिकलचे थेंब नकोत.

रात्रीच्या लेन्सनं नंबर वाढण्याचा वेग मंदावतो, हे खरं आहे. पण अॅट्रोपिनचे सौम्य थेंब असतात, उन्हातलं खेळणं असतं. ते लेन्सवाल्याच्या दुकानात विकायला नव्हतं.

आणि संशय आला तरी डबी फेकू नका, सोबत न्या. आमच्या डबीतच तो जंतू सापडला. दुकानदारानं नवी डबी फुकट देऊ केली.