वळीव पडून गेल्यावर उकाडा का वाढतो?

प्रश्न : मे महिन्यात संध्याकाळी गडगडाट होऊन वळवाची सर येते. घटकाभर बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त घामाच्या धारा. आंब्याची साठं उन्हात घातली तर चिकटच राहतात. मोबाइलवर मात्र तापमान ३३ अंशच. नागपूरचे पाहुणे ४४ अंशांतून येतात आणि इथे हाशहुश करतात. पाऊस पडला की गार व्हायला नको का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गार होतं, पण तो गारवा वरून आलेला पाहुणा असतो. वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच चढतो. त्यातून पडणाऱ्या थेंबांपैकी काही वाटेतल्या कोरड्या हवेत विरतात, त्यात तिथली हवा थंड आणि जड होते आणि धाडकन खाली येते. सरीच्या आधी अंगणातला पाचोळा उडवत जो गार झोत घुसतो, तो हाच. ढग रिता झाला की झोतही संपला. दुसऱ्या दिवशी मेचं ऊन पुन्हा डोक्यावर, आणि आता त्याच्या खाली ओली जमीन.

खरी गोम या ओलीत आहे. सड्यावरचा कातळ, शेताच्या भेगा, बागेतला पालापाचोळा, सगळीकडून वाफ निघते. समुद्रामुळे रत्नागिरीची हवा मुळातच दमट, त्यात ही भर. त्यातून मळभ राहिलं तर जमीन तापायला वेळ लागतो आणि जमीन-समुद्रातल्या तापमानाच्या फरकावर चालणारे खारे वारे उशिरा सुटतात. दुपारी पान हलत नाही, ते म्हणूनच. रात्रीही सुटका नाही, कारण दमट हवा जमिनीतून निघालेली उष्णता सहजी वर जाऊ देत नाही.

तुमच्या साठांनी याचं उत्तर केव्हाच दिलं आहे. ऊन तेच, ताट तेच, पण हवेत आणखी वाफ सामावायला जागा कमी, म्हणून रस वाळत नाही. अंगावरच्या घामाचंही तसंच होतं. घाम गळण्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. वेधशाळेत यासाठी एका तापमापकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळतात. पाणी उडून तो जितका खाली उतरेल, साधारण तितकाच दिलासा घामाने मिळू शकतो. नागपूरला ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा ओला तापमापक २३च्या आसपास येतो. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तो २८च्या खाली उतरत नाही. पाहुण्यांची हाशहुश खोटी नाही. (नागपूरचं ऊन सोसायला सोपं, असा याचा अर्थ मात्र कुणी काढू नये. तिथे उष्माघाताने माणसं दगावतात.)

म्हणूनच किनाऱ्यावर राहणाऱ्याने नुसत्या कमाल तापमानाच्या आकड्यावर विसंबणं मला पटत नाही. हवामान खात्याच्या निकषानुसार किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायला तापमान किमान ३७ अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. मैदानी भागासाठी हीच किमान मर्यादा ४० आहे. मे महिन्यात रत्नागिरीचा पारा बहुधा ३३-३४च्या पुढे जात नाही, मग लाट कुठली? अशा वेळी ‘उष्ण व दमट हवामान’ असा पिवळा इशारा येतो, आणि तो आपण वाचून सोडून देतो.

कोकणातली खरीखुरी लाट बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, आणि तिची तऱ्हा अगदी उलटी. तेव्हा वारा पूर्वेचा असतो. पठारावरची कोरडी हवा घाटावरून ६००-७०० मीटर खाली उतरते आणि दर १०० मीटरला जवळजवळ १ अंशाने तापत येते. समोरून येऊ पाहणारे खारे वारे ती दुपारपर्यंत थोपवून धरते. मार्चमध्ये पारा चढतो तो असा. त्या दिवसांत साठं मात्र झकास वाळतील, आंबा हाताशी असला तर!

गडगडाट सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. खारे वारे सह्याद्रीपर्यंत जाऊन वर चढतात, तिथे पठारावरच्या तापलेल्या हवेशी त्यांची गाठ पडते आणि ढग माजतात. त्यामुळे संगमेश्वर किंवा लांज्याच्या घाटाकडच्या गावांत कौलांवरून पागोळ्या गळत असतात, तेव्हा रत्नागिरी शहरात कधी कधी नुसता दूरचा गडगडाट ऐकू येतो. पाऊस त्यांचा, उकाडा आपला.

दरवेळी पावसामागून उकाडा लगेच येतोच असं नाही. २०२५ साली २४ मे रोजी अरबी समुद्रातला कमी दाबाचा तीव्र पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढला. दुसऱ्याच दिवशी मान्सून देवगडपर्यंत पोहोचला आणि २६ तारखेला मुंबईत. मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून. ढग हटलेच नाहीत, तेव्हा ऊन तापणार कुठून? झाडावर राहिलेल्या हापूसची मात्र दैना झाली. पुढे मान्सूनची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत अडली, पावसाचा जोर ओसरला, आणि राहिलेला उकाडा तेव्हा सव्याज वसूल झाला.

प्रश्न : बागेत आंबे काढताना गडगडायला लागलं, तर हातातलं झाड पुरं करायला वेळ मिळतो का?
– एक बागायतदार, पावस

उत्तर : नाही. झेला खाली ठेवा आणि घरात किंवा बंद गाडीत जा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळतं. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि ढगाच्या पोटापासून इतक्या लांबही वीज पडू शकते, डोक्यावर निळं आभाळ असलं तरी. कलमाखाली आडोसा घेणं सर्वांत वाईट. मोकळ्या सड्यावर उभं राहणंही तितकंच वाईट, तिथे सगळ्यांत उंच आपणच असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते मोबाइलवर असू द्या. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून मगच बागेत परता.