मालगाडीला स्वतंत्र वाट

एप्रिल 2022 मध्ये कडक उन्हाळ्यामुळे विजेची मागणी वाढली आणि अनेक औष्णिक केंद्रांतील कोळशाचे साठे घटले. कोळशाचे रेक वेळेवर पोहोचावेत म्हणून रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. रूळ एकच असल्याने कोळसा आणि प्रवासी यांपैकी एकाला थांबावे लागले. ही कोंडी का होते आणि ती कशी सुटते, ते पाहू.

कोंडीचे कारण

दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारे चार मार्ग व दोन कर्ण मिळून रेल्वेच्या जाळ्याचा सुमारे 16 टक्के भाग होतो. मात्र निम्म्याहून अधिक प्रवासी आणि मालवाहतूक याच भागावर होत आली आहे. त्यातच गाड्यांचा वेग वेगवेगळा असतो. रूट मार्चमध्ये पुढचा संथ चालला की मागची तुकडी रखडते, तसेच इथे घडते.

एक हिशेब

120 किलोमीटरचा टप्पा घ्या. मालगाडीचा वेग ताशी 60 किलोमीटर, म्हणजे तिला 2 तास लागतील. मेल गाडीचा वेग ताशी 120, म्हणजे तिला 1 तास. दोन गाड्यांत किमान 10 मिनिटांचे अंतर हवे. मालगाडी वाटेत थांबवायची नसेल, तर तिच्यामागून मेल 70 मिनिटांनीच सोडता येईल. सर्व गाड्या सारख्या वेगाच्या असत्या, तर याच 70 मिनिटांत मागून 7 गाड्या सुटल्या असत्या. म्हणून प्रत्यक्षात मालगाडीला लूप लाइनवर उभे करून मेलला वाट देतात, आणि मालाचा प्रवास लांबतो.

उपाय

उपाय सरळ आहे: वेगानुसार वाटा वेगळ्या करणे. त्यासाठी 2006 मध्ये समर्पित मालवाहतूक मार्गांचे महामंडळ स्थापन झाले. पूर्व मार्ग लुधियानाजवळून बिहारमधील सोननगरपर्यंत, 1,337 किलोमीटरचा. पश्चिम मार्ग उत्तर प्रदेशातील दादरीपासून नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत, 1,506 किलोमीटरचा. या मार्गांवर मालगाडी ताशी 100 किलोमीटरपर्यंत धावू शकते. पश्चिम मार्गावर विजेची तार सुमारे साडेसात मीटर उंच असल्याने कंटेनरवर कंटेनर ठेवून नेता येतात. एकाच फेरीत जास्त माल जातो आणि जुन्या रुळांवर प्रवासी गाड्यांना जागा मिळते.

संरक्षणाशी संबंध

14 जून 2021 रोजी भारतीय सेनेने न्यू रेवाडी ते न्यू फुलेरा या टप्प्यावर वाहने व साहित्य भरलेली लष्करी गाडी चालवून चाचणी घेतली. रणगाडे, तोफा, दारूगोळा सीमेकडे हलवताना वेळेला मोल असते. त्या वेळीही देशाला कोळसा, धान्य आणि इंधन लागतच असते. वाट मोकळी असेल, तरच दोन्ही कामे एकदम होतात.

लक्षात ठेवा

नुसत्या रुळांनी काम भागत नाही. रेक वेगाने पोहोचला, पण बंदरात किंवा वीज केंद्रात रिकामा होण्यासाठी ताटकळला, तर कोंडी रुळांवरून यार्डात सरकते. साखळीची ताकद तिच्या सर्वात कच्च्या कडीइतकीच असते.

स्वाध्याय

1. वरील हिशेबात मालगाडीचा वेग ताशी 100 केला, तर मेल किती मिनिटांनी सोडता येईल? (उत्तर: 22)
2. तुमच्या गावाजवळच्या स्थानकावर मालगाड्या कुठे व का थांबतात, याचे सुट्टीत निरीक्षण करा.