वेषांतराची हौस आणि पुराव्याची विद्या

बारावीचा निकाल लागताच कोपरगाव तालुक्यातील पालक माझ्याकडे जे प्रश्न घेऊन येतात, त्यांतील नीट, अभियांत्रिकी आणि स्पर्धा परीक्षा यांविषयीचे प्रश्न जुनेच आहेत आणि त्यांची उत्तरे महाविद्यालयातही मिळतात; परंतु गुन्हेकथांच्या मालिका पाहून खासगी गुप्तहेर होण्याचा हट्ट धरणाऱ्या कन्येचे मातापिता मात्र एवढेच विचारतात, ‘सर, हिच्या लग्नाचे काय?’

या मुली ज्यांचे नाव घेतात, त्या रजनी पंडित यांचे वडील गुन्हे अन्वेषण विभागात होते. रुपारेल महाविद्यालयात मराठी साहित्य शिकलेल्या पंडितबाईंनी १९९१ साली मुंबईत स्वतःची गुप्तहेर संस्था काढली. एका खुनाच्या तपासासाठी त्या संशयित स्त्रीच्या घरी सहा महिने मोलकरीण म्हणून राहिल्या. ध्वनिमुद्रकाचा खटका ऐकून त्या स्त्रीला संशय आला आणि त्यांचे बाहेर जाणे बंद झाले, तेव्हा भाड्याचा मारेकरी घरी येताच त्यांनी सुरीने स्वतःचा पाय कापून घेतला आणि मलमपट्टीच्या निमित्ताने बाहेर पडून अशिलाला पोलिसांसह बोलावले. त्यांनी विवाह केला नाही. परंतु त्यावरून हा व्यवसाय आणि संसार यांचे वैर आहे असे अनुमान काढणाऱ्या पालकांना मी स्पष्ट विचारतो, की फौजदार झालेल्या मुलाच्या रात्रीच्या गस्तीपायी त्याचे लग्न अडेल अशी चिंता आपण कधी केली होती काय? जोखमीचे काम करणाऱ्या स्त्रीच्या घरी मुलाचा ताप, सासूचे औषध आणि रात्रीचा स्वयंपाक कोण पाहणार, हे ठरवणे जावयाचेही कर्तव्य आहे. ते कन्येच्या एकटीच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

माझी हरकत निराळी आहे. खासगी गुप्तहेरांच्या नियमनासाठी २००७ साली राज्यसभेत मांडलेले विधेयक कायद्यात उतरले नाही. त्यांना झडतीचा अधिकार नाही, कोणाच्या दूरध्वनीच्या नोंदी मिळवण्याचाही नाही. अशा नोंदी बेकायदा मिळवल्याच्या आरोपावरून २०१८ साली ठाणे पोलिसांनी अनेक गुप्तहेरांना अटक केली, त्यांत खुद्द पंडितबाईही होत्या; पुढे त्यांना जामीन मिळाला. अठराव्या वर्षी, कायद्याचे अक्षरही न वाचता, केवळ वेषांतराच्या हौसेने या वाटेला लागणे मला मान्य नाही.

म्हणून मी न्यायसहायक विज्ञानाचा आग्रह धरतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्याच्या शासकीय संस्था आहेत, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा असे ठरवून, ती व्यवस्था उभारण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. रक्ताचा डाग, बनावट सही, पुसलेला संदेश यांची परीक्षा शिकलेल्या मुलीला पुढे विधी शाखेची पदवी घेऊन स्वतःची कचेरी थाटता येईल; विद्येसाठी वेष बदलावा लागत नाही, आपल्या कोपरगावच्या बेटावरील शुक्राचार्यांकडे पुराणातला कचसुद्धा आपले कुळ सांगूनच विद्या मागायला आला होता.

ज्यांना हे पटेल त्यांनी गुणपत्रक आणि शास्त्र शाखेचा दाखला घेऊन यावे, आणि त्या दिवशी माझ्याशी कन्येलाच बोलू द्यावे.